खंडेनवमीची ओळ

आमच्या घरी खंडेनवमीला देवघरासमोर लांब पाट मांडतात आणि त्यावर घरातल्या प्रत्येकाचं हत्यार ओळीनं ठेवतात. सासरे गेले, तरी पहिला मान अजून त्यांच्या फाउंटन पेनाचाच. ते वकील होते. मग नवऱ्याचा लॅपटॉप आणि कारखान्यात घालायचं पिवळं हेल्मेट, मग मुलाची पुस्तकं. भिंतीवरची तलवारही त्या दिवशी खाली उतरते. ती भोसल्यांच्या फौजेबरोबर पूर्वजांच्या कमरेला लटकून रायपूरला आली, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. म्यानातून मात्र ती निघत नाही, कारण गंजून आतच बसली आहे. हळदकुंकू लावताना कुठलं हत्यार कोणाचं ते सासूबाई मोठ्यानं बोलतात. हे ह्यांचं, हे पोराचं, हे नातवाचं. ओळीच्या शेवटी माझं हत्यार म्हणून विळी असते आणि तिथं त्या काहीच बोलत नाहीत.

लग्नानंतरच्या पहिल्या नवमीला मी विळी ठेवली नव्हती. मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली मुलगी. लग्नाआधी नागपूरला एका आर्किटेक्टकडे नकाशे काढत होते. वडील रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. आपल्या पान्या-पकडींच्या शेजारी ते दर नवमीला माझी कंपासपेटी ठेवायचे, पुढे माझी ड्रॉइंगची पेनं. तीच पेनं मी सासरी आणली होती आणि हौसेनं पाटाच्या कडेला मांडली. सासूबाईंनी ती हळूच उचलली, रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि त्या जागी विळी ठेवली. म्हणाल्या, "ते माहेरचं झालं. आता तुले हे लागते." रागानं नाही बोलल्या. नव्या सुनेला समजावून सांगावं तशा मायेनंच बोलल्या. रागानं बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

या पूजेचा एक नियम आहे. नवमीला पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतं, एक दिवस त्याला आराम. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा झाली की ज्यानं त्यानं आपलं हत्यार उचलायचं आणि शगुन म्हणून थोडं काम करायचं. नवरा हा नियम फार कसोशीनं पाळतो. नवमीला लॅपटॉपकडे बघतसुद्धा नाही. विळीचा आराम मात्र कुंकू वाळेपर्यंत. आरती संपते न संपते तोच सासूबाई म्हणतात, "उचल आता, भाजी चिरायची आहे." त्या दिवशीच्या भोपळ्याच्या पहिल्या फोडीला दरवर्षी थोडं कुंकू लागतं. ते मी नळाखाली धुते.

हे सगळं मी विसरूनही गेले असते. बायका असं बरंच काही विसरतात, म्हणून तर घरं चालतात. पण मध्ये मोटरसायकली आल्या.

नवरा सिलतऱ्याला एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना करणार नाही. कारखान्यानं त्याला एकदा परदेशी ट्रेनिंगला पाठवलं होतं. येताना त्यानं विमानतळावरून एक खोकं आणलं. खऱ्या मोटरसायकलच्या बाराव्या हिश्शाचं मॉडेल, सुटे भाग जोडून आपण तयार करायचं. त्यानं खोकं उघडलं. आत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेंगदाण्याएवढे, तिळाएवढे भाग दिसले. "रविवारी बसतो" म्हणून त्यानं झाकण लावलं. तो रविवार काही आला नाही. खोकं कपाटावर गेलं आणि तिथंच राहिलं.

मुलगा शिकायला पुण्याला गेला त्या वर्षी दिवाळीची सफाई करताना ते माझ्या हाती लागलं. आत नकाशा होता. भाषा परकी होती, पण चित्र ओळखीचं होतं. इंजिनचे सगळे भाग सुटे करून हवेत मांडलेले, आणि कुठला कुठे बसतो ते बारीक रेषांनी दाखवलेलं. असे नकाशे मी स्वतः काढले होते. झाडू बाजूला ठेवून मी तिथंच जमिनीवर बसले आणि खरं सांगते, मला रडू आलं. मला अजून वाचता येत होतं.

पहिलं मॉडेल वाईट झालं. गोंद जागोजागी बाहेर आला. दुसरं मागवलं, ते बरं झालं, तिसरं कुणाला दाखवण्यासारखं. चौकटीतून भाग कापायला निपर लागतो, म्हणजे चपट्या पात्याची छोटी पक्कड. एकदम भागाला लागून कापायचं नसतं. आधी लांबून कापायचं, देठ ठेवायचं, मग पात्याची चपटी बाजू भागाकडे करून ते देठ सोडवायचं आणि बारीक पॉलिश पेपरनं घासायचं. घाई केली, किंवा पातं बोथट असलं, की प्लास्टिकवर पांढरा चट्टा उमटतो. त्यावर कितीही रंग द्या, ज्यानं केलंय त्याला तो दिसतोच. खोक्यात नसायचं तेही मी घालू लागले. मुलाच्या बिघडलेल्या इअरफोनमधली तार काढून ब्रेकच्या नळ्या केल्या. सायलेन्सर तापून तापून निळा-जांभळा पडतो, तो रंग पातळ थरांवर थर देऊन आणला. मला मोटरसायकल चालवता येत नाही. आयुष्यभर मी मागे एका बाजूला पाय सोडून बसले. पण तिच्या आत काय कुठे असतं ते मी डोळे मिटून सांगू शकते.

आणि रायपुरात हे करायचं म्हणजे धुळीशी वैर. आमच्याकडे सकाळी पुसलेल्या गच्चीवर दुपारी अनवाणी गेलं तर तळवे काळे होतात. कारखान्यांच्या त्या काळ्या धुळीचा एक कण ओल्या रंगावर बसला की सगळा थर घासायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी रंग बाथरूममध्ये द्यायचे. सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की फरशी ओली असते, हवा दमट, धूळ खाली बसलेली. दार लावून घ्यायचं, एअरब्रशनं, म्हणजे हवेनं रंग फवारणाऱ्या ब्रशानं, मोटरसायकलच्या टाकीवर थर मारायचा आणि वाळेपर्यंत पुरणाचं मोठं पातेलं त्यावर पालथं घालायचं. त्याच धुळीचा मी उपयोगही करून घेतला. गच्चीवरची काळी भुकटी डबीत भरून ठेवली आणि बारीक ब्रशानं इंजिनच्या खाचांत, चेनजवळ लावली. विकतच्या रंगानं इंजिन इतकं वापरलेलं दिसत नाही. नवरा रोज कपड्यांवरून ती धूळ घरी आणतो आणि मी ती धुते, तेव्हा थोडी माझ्या कामी आली तर बिघडलं कुठे?

सासूबाई या सगळ्याला एकच शब्द वापरायच्या. खेळणं. "अवं, ते खेळणं ठेव अन् चहा टाक." चौबे कॉलनीतल्या बायका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या की काचेच्या कपाटाकडे बघून विचारायच्या, हे काय? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई सांगायच्या, "आमच्या सूनबाईची खेळणी आहेत. लेकरू बाहेर गेलं ना, मन रमवून राहिली." बायका च्च् च्च् करायच्या. एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "दीदी, किसी अच्छे डॉक्टर को दिखाया क्या?" मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला.

एका नवमीला मी निपर आणि चिमटा पाटावर ठेवून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "खेळण्याची काय पूजा करते? हत्यारं ठेवतात इथं." मी उचलून घेतलं. माझी इच्छा फार मोठी नव्हती. मी जे काम करते त्याचं हत्यार त्या ओळीत असावं, आणि ते माझं आहे असं घरातल्या कुणीतरी एकदा मोठ्यानं म्हणावं, एवढीच होती. ती आजवर पुरी झालेली नाही.

मग एक दिवस नवऱ्यानं कपाटातली लाल मोटरसायकल मागितली. "ऑफिसात टेबलावर ठेवतो. छान दिसते." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! बुटाच्या खोक्यात कापूस घालून मी ती स्वतः बसवून दिली. आरशांना धक्का लावू नका, हँडल धरून उचलू नका, असं दहा वेळा बजावलं. तो "हो हो" म्हणत बूट घालत होता.

काही महिन्यांनी कारखान्याचा वार्षिक कार्यक्रम झाला. घरच्यांनाही बोलावतात. मी सिल्कची साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसले होते, सासूबाई शेजारी. निवेदकानं पुकारलं, "और अब हमारे अपने कलाकार," आणि नवरा उठून स्टेजकडे चालू लागला. मला वाटलं, हा आता गाणं म्हणतो की काय. स्टेजवर कारखान्याचे मोठे साहेब उभे होते आणि त्यांच्या हातात माझी लाल मोटरसायकल होती. हँडल धरूनच उचलली होती. "दिन भर मशीन, और घर जाकर भी मशीन," ते माईकवर म्हणाले. "ऐसी उँगलियाँ भगवान सबको नहीं देता." टाळ्या पडल्या. नवऱ्याच्या खांद्यावर शाल आली, हातात श्रीफळ आलं. तो मान किंचित वाकडी करून, नम्रपणे हसत होता. मीही टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या ते विचारू नका. नवऱ्याचा सत्कार होत असताना हाताची घडी घालून बसलेली बायको कुणी पाहिली आहे?

येताना भनपुरीजवळ ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली. सासूबाई मागे, मांडीवर शाल घेऊन पेंगत होत्या. मी विचारलं, "तुम्ही केली म्हणून सांगितलं?"

"मी कुठं सांगितलं? साहेबांनी विचारलं, तुमने बनाया? मी हव म्हटलं."

"हव म्हटलं."

"मग काय सांगत बसू, बायको मोटरसायकली बनवते म्हणून? हसले असते ना सारे. अन् तू काहून चिडून राहिली? घरचंच तर आहे. तुझं काय, माझं काय."

"मग माझं म्हणायचं होतं."

त्यानं हॉर्न दाबला. पुढचा ट्रक जागचा हलणार नाही हे त्यालाही दिसत होतं, तरी बराच वेळ दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ते श्रीफळ देवापुढून उचलून माझ्याकडे दिलं. "पोराच्या सत्काराचं आहे, वाया नको जाऊ देऊ. चटणी कर." मी नारळ फोडला. विळीच्या टोकावर खोबरं खवलं, मिरची-कोथिंबीर घालून वाटलं. माझ्या सत्काराच्या नारळाची चटणी मीच केली. चांगली झाली होती. नवऱ्यानं दोनदा मागून घेतली.

त्या दिवसापासून खेळणं हा शब्द आमच्या घरातून गेला. आता तीच कला झाली. कपाट तेच, मोटरसायकली त्याच, बाथरूममध्ये कोंडून घेणारी मीच; फक्त सासूबाई पाहुण्यांना म्हणायच्या, "आमच्या पोट्ट्याची कला आहे ही. साहेबांनी शाल देली." बायकांचं च्च् च्च् थांबलं. "भैया कितने गुणी हैं!" असं सुरू झालं. डॉक्टरवाली मला म्हणाली, "दीदी, थोड़ी-बहुत मदद तो आप भी करती होंगी?" सासूबाईंनी परस्पर सांगितलं, "हव, साफसफाई सगळी तीच करते."

त्यांना खरं माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माझ्या नखांतला रंग त्या रोज बघत होत्या. पुरणाचं पातेलं पालथं का, म्हणून रोज कुरकुरत होत्या. एकदा त्या लसूण सोलत असताना मी समोर बसून सरळ विचारलं. त्यांनी हात न थांबवता उत्तर दिलं, "मले माहीत नाही काय? पण बाईचं नाव होऊन काय होते? घरातल्या घरात राहते. त्याचं झालं त घराचं झालं." त्यांना हे अगदी मनापासून वाटत होतं. मला संताप आला आणि त्यांची कीवही आली, पण जास्त संतापच. मी सोललेल्या लसणाची वाटी उचलली आणि आत गेले.

पुढच्या वर्षी मोठे साहेब निवृत्त होणार होते. कारखान्यात ठरलं की आपल्या कलाकारानं त्यांना त्यांच्या तरुणपणाची मोटरसायकल करून द्यायची, पांढऱ्या टाकीची. नवरा घरी येऊन माझ्याजवळ बसला. पाण्याचा पेला स्वतः उठून घेतला, तेव्हाच मी ओळखलं. "या वेळी सांगतो," तो म्हणाला. "देतानाच सांगतो, सर, ये मेरी मिसेस ने बनाया है. आईची शपथ." माझा विश्वास बसला असं नाही. बसावा असं फार वाटत होतं, म्हणून मी हो म्हटलं.

पांढरा रंग म्हणजे या शहरात वेडेपणा. पावसाळाभर मी त्या टाकीच्या मागे होते. थर द्यावा, पातेलं उचलावं, तर टाकीच्या बरोबर मधोमध काळा ठिपका. घासायचं, धुवायचं, पुन्हा. एकदा सासूबाईंनी बघायला म्हणून ओल्यावर बोट लावलं. पुन्हा. चाकांचे स्पोक मी एकेक करून बारीक तारेचे बसवले. सीटच्या कडेला शिवण दिसावी म्हणून सुईच्या टोकानं टाके उमटवले. शेवटी टाकी अशी झाली की तिच्यात खिडकीचे गज दिसायचे. मी ती टेबलावर ठेवून नुसती बघत बसायचे. इतकं चांगलं माझ्या हातून आधी काही झालं नव्हतं. ब्रेकचं लिव्हर आणि आरसे तेवढे राहिले होते, आणि नवमी आली.

सकाळी मी विळी घासून, पुसून देवघरापाशी नेली. पाट मांडलेला होता. पेन, लॅपटॉप, हेल्मेट, पुस्तकं, तलवार. आणि लॅपटॉपशेजारी लाल कापडावर माझा निपर, माझा चिमटा, माझा एअरब्रश. सासूबाईंनी स्वतः टेबलावरून आणून मांडले होते. हातात विळी घेऊन मी तशीच उभी राहिले. शेवटी म्हातारीच्या मनात आलं तर, असं वाटलं. त्या क्षणी मी त्यांना सगळं माफ केलं असतं, नारळसुद्धा.

त्यांनी कुंकवाचं बोट लावायला सुरुवात केली. हे ह्यांचं. हे पोराचं. मग बोट निपरवर आलं. "हे बी पोराचंच," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला, "दे, विळी दे इकडं."

कुंकू चांगलं ओलं होतं. ते निपरच्या सांध्यात उतरलं. याला पाणी चालत नाही, पुसून तेलाचं बोट फिरवावं लागतं, नाहीतर धार जाते, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी विळी दिली. आरती झाली. "उचल आता," सासूबाई म्हणाल्या, "भाजी चिरायची आहे."

दसऱ्याला पूजा झाल्यावर नवऱ्यानं लॅपटॉप उघडून शगुनाचा एक मेल पाठवला. सासूबाई म्हणाल्या, "कलेचं बी शगुन कर. थोडं काही काप." तो हसला. माझ्याकडे बघितलं. मी हातात आपट्याच्या पानांचं ताट धरून उभी होते आणि ते ताट मी खाली ठेवलं नाही. मग तो पाटावरचा निपर उचलून माझ्या टेबलापाशी जाऊन बसला. निपर त्यानं उलटा धरला. चपटी बाजू बाहेर. चौकटीतलं ब्रेकचं लिव्हर काडीसारखं बारीक असतं. त्यानं ते अगदी मुळाशी धरलं आणि एकदम दाबलं. टक् झालं. अर्धं लिव्हर उडून कपाटाखाली गेलं, उरलेल्या अर्ध्यावर पांढरा चट्टा उमटला.

सासूबाई त्याच्या हाताकडे बघत होत्या. जन्मभर विळीवर बसलेली बाई. हात कामातला आहे की नाही हे त्यांना कुणी सांगायला नको. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी. त्या म्हणाल्या, "दसऱ्याला तुटलं ते बरं झालं. इडापिडा गेली."

संध्याकाळी नवरा म्हणाला, "तेवढं तू करून घे ना. दुसऱ्या कुठल्या किटमधलं असेल."

"हत्यार तुमचं आहे. पूजा तुमची झाली. तुम्हीच करा."

"अवं, साहेबांचा कार्यक्रम आहे."

"करा."

मी खरंच हात लावला नाही. घर पुसलं, टेबल पुसलं, मोटरसायकलभोवती फडकं गोल फिरवलं आणि तिला सोडलं. आमच्या शहरात एवढं पुरतं. टाकी आधी मळकट झाली, मग राखाडी. खिडकीचे गज दिसेनासे झाले. माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. साहेबांसमोर त्याची मान खाली जावी, त्याला रिकाम्या हातानं उभं राहावं लागावं, असं मला फार वाटत होतं. मी त्या दिवसाची वाट बघत होते.

त्याची मान खाली गेली नाही. त्यानं ऑनलाइन तयार मॉडेल मागवलं, धातूचं, कारखान्यात छापासारखं बनलेलं. खालचं कंपनीचं नाव माझ्याच नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसलं आणि साहेबांना नेऊन दिलं. हे त्यानं माझ्यापासून लपवून केलं नाही. कार्यक्रमाहून येऊन जेवताना हसत हसत सांगितलं. "साहेब म्हणाले, इस बार तो कमाल कर दिया. फरकच नाही कळला त्यांना."

स्टेजवर माझी मोटरसायकल त्याची झाली तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. चोरायला निदान काहीतरी लागतं. इथं माझ्याशिवायही सगळं तसंच पार पडलं होतं. शाल आली, श्रीफळ आलं, टाळ्याही तेवढ्याच वाजल्या असणार. मी त्याला पोळी वाढली. त्यानं वर तूप मागितलं, तेही वाढलं.

आता परवाचीच गोष्ट. पुन्हा नवमी आली. सासूबाईंनी टेबलावरून निपर, चिमटा, एअरब्रश उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि लाल कापडावर मांडला. वर्षभर कुणी त्यांना हात लावला नव्हता. निपरच्या सांध्यात गेल्या वर्षीचं कुंकू तपकिरी होऊन बसलं होतं. हे पोराचं. हे बी पोराचंच. मी विळी ठेवली. आरती झाली.

"उचल आता, भाजी चिरायची आहे."

"आई, आज हत्याराला हात लावायचा नसतो."

सासूबाईंना आधी कळलंच नाही मी काय म्हणते ते. मग त्या हसल्या. "अवं, ते काय हत्यार आहे? विळी आहे ते."

सहज म्हणाल्या. मला टोचावं म्हणून नाही. आणि इतकी वर्षं त्या विळीवर चिडणाऱ्या मला तेव्हा कळलं की मनातल्या मनात मी तिलाच धरून बसले होते. विळी का होईना, या ओळीत माझं काहीतरी आहे, असं समजत होते.

मी वाकले आणि विळीऐवजी निपर उचलला.

"त्याले काहून हात लावून राहिली? आज नाही लावत!"

"हे हत्यार थोडंच आहे, आई. खेळणं आहे. तुम्हीच म्हणायच्या."

नवऱ्यानं मोबाइलमधून मान वर केली, आम्हा दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मी टेबलापाशी जाऊन बसले. मोटरसायकलवरची धूळ पदरानं पुसली. जुन्या एका किटची चौकट काढली, त्यात तसंच लिव्हर होतं. निपर करकरत उघडला. मी लांबून कापलं, देठ ठेवलं, चपटी बाजू भागाकडे केली, जसं करायचं तसंच सगळं केलं आणि हलकेच दाबलं. गंजानं पातं खाल्लं होतं. प्लास्टिक तुटलं नाही, पण त्यावर पांढरा चट्टा उमटला.

मागे सासूबाई स्वतःच विळी घेऊन बसल्या होत्या. भोपळा चिरल्याचा आवाज येत होता. मी चट्टा अंगठ्यानं घासून पाहिला. तो गेला नाही. नवऱ्यानं तोडलेला अर्धा तुकडा अजून टेबलाच्या कडेला पडला होता, तो उचलून मी याच्या शेजारी ठेवला. चट्टे अगदी सारखे होते. कुठला कोणाच्या हातचा, ते मलाही सांगता आलं नसतं.